काळ्या रानात वाइनची द्राक्षं?

प्रश्न : जिंतूर तालुक्यात माझं चार एकर रान आहे. नाशिकसारखी वाइनची द्राक्षं घेता येतील का?

उत्तर : वेल येईल, वाइन जमेलच असं नाही. नाशिक सहाशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. ऑक्टोबरात फळछाटणी झाली की मणी थंडीत भरतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये पिकतात. रात्री गार असल्या की आम्लता टिकते. तुमच्या परभणी जिल्ह्यात फेब्रुवारी सरता सरता ऊन चढतं. गोडी येते, पण आंबटपणा उडतो आणि वाइन सपक होते. म्हणून वाण लवकर पिकणारा हवा.

खरी अडचण जमिनीची. आपली भारी काळी कापसाला उत्तम, पण पावसाळ्यात चिबडते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. आधी तीन फूट खड्डा घ्या. तळाची ओली माती मुठीत दाबा. चिकट गोळा झाला तर ते रान सोडा, मुरमाड उताराचं पाहा. खाली चुनखडी असेल तर पानं पिवळी पडतात. माती कृषी विद्यापीठात तपासून घ्या, खुंट त्यानंतर ठरवा. आणि वायनरीशी लेखी करार झाल्याशिवाय मांडवाची तार आणू नका. वाइनची बारीक, बियांची द्राक्षं बाजारात कुणी खायला घेत नाही.