‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून भागत नाही

हृदयविकार आणि मधुमेहाच्या ओपीडीतून समुपदेशनासाठी पाठवलेली माणसं माझ्याकडे येतात. कुणाची छाती धडधडते, कुणाची शुगर औषधं घेऊनही खाली येत नाही, कुणाचा रात्र रात्र डोळा लागत नाही. त्यांच्यासोबत काम करताना जे शिकले, ते असं.

१. आधी तपासण्या. थायरॉइड वाढलं किंवा अंगात रक्त कमी असलं, तरी धडधड होते. शरीर तपासल्याशिवाय कशालाही ‘मानसिक’ म्हणू नये.

२. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून त्रास खोटा ठरत नाही. ताणाची कारणं वेगवेगळी असली तरी शरीर ठरावीक तऱ्हेनं कोलमडतं, हे संशोधक हान्स सेल्ये यांनी १९३६ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून मांडलं. ताणात स्रवणारं कॉर्टिसॉल रक्तातली साखर खरोखर वाढवतं. अशा माणसाला डॉक्टर, घरचे, शेजारी सगळे सांगतात, ‘टेन्शन घेऊ नका.’ हौसेनं ते कुणीच घेत नाही. उलट ‘एवढं सांगूनही मला जमत नाही’ ही नवी टोचणी लागते.

३. घटना आणि त्रास यांच्यामध्ये आपला एक हट्ट बसलेला असतो. बँकेत काम करणारे एक गृहस्थ आले होते. ईसीजी, टू-डी इको, सगळं व्यवस्थित. पण मार्चअखेर जवळ आली की छातीवर दडपण. त्यांना वहीत तीन रकाने आखायला सांगितले : काय घडलं, मनात काय आलं, अंगाला काय झालं. पुढच्या भेटीत पहिल्या रकान्यात होतं, ‘साहेबांनी सगळ्यांसमोर फाइल परत केली.’ तिसऱ्यात, ‘छाती जड, तळहाताला घाम.’ मधला रकाना कोरा. बऱ्याच वेळानं त्यांनी तिथं लिहिलं : ‘माझ्याकडून चूक होताच कामा नये. झाली तर मी नालायक.’

अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा गाभा हाच आहे. कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ती महाराष्ट्रात रुजवली, हे आपलं मोठं भाग्य. त्या गृहस्थांनी मग नवं वाक्य तयार केलं : ‘चूक होऊ नये असं मला मनापासून वाटतं. झाली तर निस्तरीन. वाईट वाटेल, पण सोसवेल.’ ‘सगळं छान होईल’ अशी समजूत घालण्यापेक्षा हे फार वेगळं आहे. खोटी समजूत मनाला पटत नाही.

४. पटलं म्हणजे बदललं, असं नव्हे. एलिस यांना तरुणपणी मुलींशी बोलायची धास्ती वाटे. एकोणिसाव्या वर्षी ते न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये जाऊन अनोळखी बायकांशी मुद्दाम बोलत राहिले. भेट ठरली एकीशीच, तीही आली नाही. पण धास्ती गेली. आमच्या गृहस्थांचा गृहपाठ होता : न समजलेली गोष्ट साहेबांना चारचौघांत विचारायची. समुपदेशनाचा तास आठवड्यातून एकदाच. खरं काम मधल्या दिवसांत होतं.

५. प्रत्येक दुःखावर तर्क चालवू नये. लेक गेलेल्या आईला रकाने आखायला देणं क्रूरपणा आहे. तिथं कार्ल रॉजर्स यांनी शिकवलेलं मनापासून ऐकणंच उपयोगी पडतं. आणि नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ‘दृष्टिकोन बदला’ सांगणं हा तर अन्यायच. तिला आधी सुरक्षित जागा आणि कायद्याची मदत हवी. जे बदलता येतं तिथं परिस्थितीला हात घालायचा, जे बदलत नाही तिथं भावनांना सांभाळायचं, हा फरक मानसशास्त्रज्ञ लाझारस आणि फोकमन यांनी ताणावरच्या १९८४ च्या पुस्तकात नीट उलगडला आहे.

६. बरं वाटू लागलं म्हणून मनोविकारतज्ज्ञांची गोळी परस्पर बंद करू नका. बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्याही बंद करू नका.

समुपदेशकाकडे जाणं जमत नसेल, तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. फोन मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. तुमच्यासाठी किंवा घरातल्या कुणासाठी, तो आजच लिहून ठेवा.