रेल्वेची वाट आणि सायकल

रेल्वेची चाके लोखंडाची असतात आणि रूळही लोखंडाचे. मोठ्या चढावर चाके घसरतात. म्हणून रेल्वे बांधताना टेकडी फोडतात, खोल जागी भराव घालतात. बोरघाटात ३७ फुटांना १ फूट चढ आहे. तेवढ्यालाही गाडीला मागून जादा इंजिने लावतात.

अशी वाट सायकलला फार चांगली. अमेरिकेत एलरॉय ते स्पार्टा ही रेल्वे बंद पडली. तिचे रूळ काढून १९६७ साली तिथे सायकलची वाट केली. त्या वाटेत तीन बोगदे आहेत.

आपली दौंड-बारामती छोटी रेल्वे १९१४ साली सुरू झाली. आता तिथे मोठी लाईन आहे. गाड्या चालू आहेत, म्हणून तिथे सायकल नेऊ नये.

पण आपल्याकडे नीरा डावा कालवा आहे. पाणीसुद्धा चढ चढत नाही. म्हणून कालव्याकडेची वाटही सपाट असते.

रविवारी मी आणि ताईने फेरी मारली. जाताना कालव्याने गेलो, एकदाही उतरलो नाही. येताना माळाच्या रस्त्याने आलो. तीनदा उतरून सायकल ढकलली. लय दम लागला.

ताईला जूनपासून लांबच्या हायस्कूलला जायचंय. आई म्हणते, चढाने दमशील, नको जाऊ. कालव्याची वाट बरी, पण तिथे वेड्या बाभळीचे काटे फार. पालकांना विनंती, एक दिवस सगळे मिळून काटे काढू. मग ताईची शाळा बंद होणार नाही.

मुलांनो, तिथे पाण्यापासून लांब आणि एकामागे एक चाला.

— इयत्ता ४ थी