टाकीवरचे पांघरूण

बर्फविक्रेता बर्फाची लादी लाकडाच्या भुशात ठेवतो व वर गोणपाट टाकतो. भुसा बर्फाला गार करीत नाही. तो केवळ बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही. उष्णतारोधनाचे हेच तत्त्व अग्निबाणाच्या इंधनटाक्यांनाही लागू पडते.

अनेक शक्तिशाली अग्निबाणांत द्रवरूप हायड्रोजन हे इंधन असते आणि त्याच्या ज्वलनासाठी द्रवरूप ऑक्सिजन वापरतात. सामान्य दाबाखाली हायड्रोजन उणे 253 अंश सेल्सिअसला, तर ऑक्सिजन उणे 183 अंशांना उकळतो. अशा अतिशीत द्रवांच्या तंत्रज्ञानाला ‘क्रायोजेनिक’ म्हणतात.

टाकीवर पुरेसे आवरण नसेल, तर तीन संकटे उद्भवतात. पहिले, द्रवाची वाफ होऊन टाकीतील दाब वाढतो. ती वाफ बाहेर सोडावी लागते व इंधन वाया जाते. दुसरे, हवेतील बाष्प टाकीवर गोठते आणि उड्डाणाच्या वेळी तो बर्फ निखळून यानावर आदळू शकतो. तिसरे, हायड्रोजनच्या टाकीवर हवाच द्रवरूप होऊ शकते. या द्रवात ऑक्सिजनचे प्रमाण अधिक असल्याने आगीचा धोका वाढतो.

अमेरिकेच्या स्पेस शटल यानाच्या सुमारे 47 मीटर उंच बाह्य टाकीवर म्हणूनच हलक्या फोमचे आवरण असे. फोममधील बारीक बंद पोकळ्या उष्णतेला अडवीत. मात्र हे संरक्षक आवरणच एकदा घातक ठरले.

16 जानेवारी 2003 रोजी ‘कोलंबिया’ यानाचे उड्डाण झाले. सुमारे 82 सेकंदांनी टाकीवरील फोमचा एक तुकडा निखळला. हवेच्या विरोधामुळे त्याचा वेग झपाट्याने घटला. यान मात्र वेगाने पुढे जात होते. त्यामुळे तो तुकडा ताशी 800 किलोमीटरहून अधिक सापेक्ष वेगाने डाव्या पंखाच्या कडेवर आदळला. पूर्वीच्या उड्डाणांतही फोम निखळला होता आणि तरीही याने सुखरूप परतली होती. त्यामुळे या घटनेचे गांभीर्य ओळखले गेले नाही. अवकाशातील यानाची छायाचित्रे मिळावीत, ही अभियंत्यांची मागणीही मान्य झाली नाही.

1 फेब्रुवारी 2003 रोजी परतीच्या प्रवासात अतितप्त वायू पंखात शिरले आणि यानाचे तुकडे झाले. हरियाणातील कर्नालच्या कन्या कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. पुढे चौकशीसाठी केलेल्या प्रयोगात फोमच्या तुकड्याने पंखाच्या कडेला सुमारे 40 सेंटिमीटरचे भगदाड पाडले. चौकशी मंडळाने दोष केवळ फोमला दिला नाही. संस्थेच्या कार्यपद्धतीलाही तितकेच जबाबदार धरले.

त्यानंतर त्या जागेचा फोम काढून तेथे बर्फ जमू नये म्हणून विद्युत तापक बसवले गेले. तरीही जुलै 2005 च्या उड्डाणात दुसऱ्या जागेचा फोम निखळला आणि उड्डाणे वर्षभर थांबवावी लागली. 2011 मध्ये शटल यानांची सेवा संपली.

भारताने 5 जानेवारी 2014 रोजी स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनाचे पहिले यशस्वी उड्डाण केले. अतिशीत इंधन हाताळणाऱ्या प्रत्येक देशाला कोलंबियाचा धडा लागू पडतो: धोका वारंवार टळला, म्हणून तो नाहीसा होत नाही.

पाठाधारित प्रश्न
1. टाकीला आवरण नसल्यास उद्भवणारी तीन संकटे सांगा.
2. हलका फोम पंखाला भगदाड कसे पाडू शकला?
3. ‘धोका टळणे’ आणि ‘धोका नाहीसा होणे’ यांतील फरक आपल्या कामातील उदाहरणाने स्पष्ट करा.