टॉन्सिल्स काढायचे का?

काल फोनवर तू रडवेली झाली होतीस, म्हणून हे लिहून पाठवते. तुझ्या बाळूचे टॉन्सिल्स काढा असं डॉक्टर म्हणाले की लगेच तारीख घ्यायची नसते. आमच्या लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत एकाचे काढायचे म्हणून पाठच्या भावाचेही काढून आणत. आता तसं नाही.

आधी भिंतीवरचं कालनिर्णय काढ. घसा धरला त्या तारखेवर फुली मार. ताप किती होता, गाठींवर पांढरे ठिपके होते का, शाळा किती बुडली, तेही शेजारी लिही. ‘सारखा आजारी असतो’ एवढ्यावर डॉक्टरांना काही ठरवता येत नाही. वर्षात 7 वेळा, किंवा लागोपाठ 2 वर्षं दरवर्षी 5 वेळा, किंवा 3 वर्षं दरवर्षी 3 वेळा असं दुखणं झालं, तर ऑपरेशनचा विचार करतात. साधी सर्दी त्यात धरू नकोस. फुल्या कमी भरल्या तर थांब. पुष्कळ मुलांचा त्रास वयाबरोबर कमी होतो. आणि गाठी नुसत्या मोठ्या दिसतात म्हणून काढायच्या नसतात.

घोरण्याचं मात्र वेगळं. तिथे फुल्या मोजत बसू नकोस. तो झोपला की जवळ बस. घोरता घोरता श्वास मध्येच थांबतो आणि मग दचकून परत सुरू होतो का, बघ. तसं असेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढ आणि डॉक्टरांना दाखव.

ऑपरेशन ठरलंच, तर त्याचा दात हलत असेल किंवा घरात कुणाचं रक्त लवकर थांबत नसेल तर ते भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांग. नंतर घशात पांढरी साय दिसेल, तो पू नव्हे. कान ठणकेल, पण दुखणं घशाचंच असतं. पाणी सारखं पाजत राहा, घसा कोरडा पडला की जास्त दुखतो. ॲस्पिरिन अजिबात नको.

खरी काळजी पाचव्या ते दहाव्या दिवसाची. तेव्हा खपली सुटते. माझा धाकटा सातव्या रात्री झोपेत सारखा गिळत होता. मला वाटलं, तहान लागली असेल. तो रक्त गिळत होता, हे उशीवर लाल डाग दिसल्यावर कळलं. पहाटे 3 वाजता रिक्षा शोधत पळालो. थुंकीत ताजं रक्त दिसलं तर सकाळची वाट बघू नकोस.

म्हणून 2 आठवडे दवाखान्यापासून लांब जायचं नाही. ऑपरेशन मेमध्ये ठरलं आणि कणकवलीचं तिकीट काढलेलं असेल, तर ते आधी रद्द कर.