गिअरबॉक्स उतरवण्याआधी

अगं, गॅरेजवाला ‘क्लच प्लेट गेली’ म्हणाला म्हणून लगेच हो म्हणू नकोस. प्लेट बघायची तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि तो एकदा उतरला की मजुरी लागलीच. निम्मं निदान तुझं तुला घरी करता येतं. उभी हयात गॅरेजमध्ये गेली माझी, म्हणून सांगतो.

आधी एवढंच ठरव: क्लच धरत नाही, की सोडत नाही? लोक दोन्हीला ‘क्लच खराब’ म्हणतात, पण ही दुखणी एकमेकांच्या उलट आहेत.

धरत नाही म्हणजे घसरतो. सपाटीवर, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ते लवकर कळत नाही. साखरप्याहून आंबा घाट चढताना तिसऱ्यात ॲक्सिलरेटर दाबलास, इंजिन ओरडलं, काटा वर गेला, पण गाडीनं त्या मानानं वेग घेतला नाही, तर घसरतोय. जोडीला ब्रेक लायनर जळल्यासारखा वास येतो. खात्री करायची तर समोर मोकळी, सपाट जागा असताना हँडब्रेक घट्ट ओढ, तिसरा गिअर टाक आणि थोडी रेस देत क्लच हळूहळू सोड. चांगला क्लच इंजिन बंद पाडतो. पाय पूर्ण सुटूनही इंजिन चालूच राहिलं, तर संशय खरा. पण हे एकदाच कर हो. पुनःपुन्हा केलंस तर तपासण्यातच प्लेट जळेल.

घसरतो म्हणजे प्लेटच गेली, असंही नाही. केबलवाली गाडी असेल तर पेडल हातानं दाबून बघ. सुरुवातीला ते थोडं अलगद जातं, मग जड लागतं. त्या अलगद जाण्याला आम्ही प्ले म्हणतो. किती हवा ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. काही गाड्यांत केबल आपोआप ॲडजस्ट होते, त्यांची गोष्ट वेगळी. बाकीच्यांत प्ले उरलाच नसेल तर केबल ताणलेली असते, क्लच पुरता चिकटत नाही आणि नवी प्लेटसुद्धा घसरते. तिथं नट फिरवून काम भागतं.

आता सोडत नाही म्हणजे काय? पेडल तळाला नेलं तरी गिअर अडतो, रिव्हर्स टाकताना करकर होते. इंजिन बंद करून तेच गिअर टाकून बघ. बंद असताना अलगद पडले तर दोष क्लचच्या बाजूला. बंद असतानाही अडले तर गिअरच्या लिव्हरची जोडणी नाहीतर गिअरबॉक्स बघायचा, क्लचला हात लावायचा नाही.

इथं एक सांगतो. उमेदीच्या काळात अशाच तक्रारीवर मी एका गिऱ्हाइकाचा गिअरबॉक्स उतरवला. प्लेट उत्तम होती. पेडलखाली दुहेरी जाड मॅट घातलं होतं, त्यामुळे पेडल पूर्ण खाली जातच नव्हतं. मी मजुरी घेतली नाही, पण त्या माणसाचे दोन दिवस गेले, ते मला अजून लागतं. म्हणून पहिल्यांदा मॅट काढून बघायचं.

तेलावरचा क्लच असेल तर पेडल तीन-चार वेळा भराभर पंप कर. त्यानंतर गिअर नीट पडू लागले तर लाइनमध्ये हवा आहे, नाहीतर मास्टर सिलिंडर किंवा खालचा स्लेव्ह सिलिंडर दाब धरत नाही. बऱ्याच गाड्यांत क्लचला ब्रेकच्याच डबीतून तेल जातं. म्हणून तिथली पातळी उतरत असेल तर गळती शोधल्याशिवाय घाट चढू नकोस.

आवाजाचंही तसंच. गाडी न्यूट्रलला, इंजिन चालू. पेडल दाबल्यावर घरघर सुरू झाली तर बहुतेक रिलीज बेअरिंग. पाय काढलेला असताना घरघर, आणि दाबल्यावर बंद, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं बेअरिंग.

पावसाळाभर कोकणात गाडी उभीच राहिली तर गंज धरून प्लेट फ्लायव्हीलला चिकटते. मग क्लच दाबूनही गाडी गिअरमध्ये स्टार्ट करताना हिसका मारून पुढे जाते. तिथंही ‘प्लेट गेली’ ऐकायला मिळेल. चिकटलेली प्लेट पुष्कळदा सुटते, पण ते मिस्त्रीकडून करून घे.

आणि खरंच गिअरबॉक्स उतरवायची वेळ आली तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकत्रच बदल, फ्लायव्हीलवर जळकट निळे डाग आहेत का बघायला सांग. जुनी प्लेट मागून घे. रिव्हेटपर्यंत घासलेली असेल तर तिचं आयुष्य खरंच संपलं होतं. जाडी शिल्लक असून तेलानं काळी, चिकट झालेली असेल, तर तेल कुठल्या सीलमधून आलं ते शोधून ते सील आधी बदलायला लाव, नवी प्लेट त्यानंतर.