काटकसरीचे व्हेनिस-दर्शन

इटली देशाच्या ईशान्येस, एड्रियाटिक समुद्राच्या काठी एक विस्तीर्ण पण उथळ खाजण आहे. त्या खाजणातील शंभराहून अधिक लहानमोठ्या बेटांवर व्हेनिस हे नगर वसलेले आहे. बेटांमधून सुमारे १५० कालवे वाहतात आणि त्यांवर सुमारे ४०० पूल आहेत. नगरात मोटार नाही, बैलगाडी नाही, सायकलसुद्धा नाही. जावे तर पायी, नाहीतर नावेने.

अशा दलदलीत दगडी वाडे उभे राहिले तरी कसे? तेथील कारागिरांनी लाकडाचे खांब एकास एक लागून चिखलात ठोकले, त्यांवर फळ्या अंथरल्या आणि फळ्यांवर दगडी पाया रचला. पाण्याखालच्या चिखलात हवेचा शिरकाव फारसा होत नाही. त्यामुळे ते लाकूड सहजासहजी कुजत नाही. रिआल्तो येथील दगडी पूल १५९१ साली पुरा झाला. तोही अशाच खांबांच्या आधारावर उभा आहे. याच नगरातून १२७१ साली मार्को पोलो पूर्वेकडे निघाला होता. त्याच्या प्रवासवृत्तात आपल्या ठाण्याचेही वर्णन आढळते.

व्हेनिस महाग आहे, अशी प्रवाशांची तक्रार असते. ती खोटी नाही. पण तिचे कारण कालव्यांवर पहाटे दिसते. भाजीच्या करंड्या, पाण्याच्या बाटल्या, विटा, सिमेंट, टपालाच्या थैल्या, सारे काही होड्यांतून येते. धक्क्यावर उतरलेला माल माणसे हातगाड्यांवर घालतात आणि पुलाची एकेक पायरी चढवीत दारोदार पोचवितात. घरातला केरही होडीतूनच जातो. जो जिन्नस इतक्या हातांतून येतो, तो स्वस्त कसा मिळावा?

तरीही शहाणा प्रवासी येथे बेताच्या खर्चात राहू शकतो. सांता लुचिया स्थानकाबाहेर पाऊल टाकताच समोर महाकालवा दिसतो. पावणेचार किलोमीटरांहून थोड्या अधिक लांबीचा हा कालवा नागमोडी वळणे घेत नगराच्या मध्यातून जातो. त्यावरून सार्वजनिक नावा चालतात. त्यांना तेथील लोक ‘वापोरेत्तो’ म्हणतात. २०२५ साली ७५ मिनिटांच्या तिकिटास साडेनऊ युरो पडत. पहिल्या क्रमांकाची नाव धक्क्याधक्क्याला थांबत सावकाश सान मार्को चौकाकडे जाते, आणि दोन्ही तीरांवरचे जुने वाडे त्या एकाच तिकिटात पाहून होतात. गोंडोला या काळ्या, निमुळत्या नावेतून दिवसा अर्धा तास फिरावयाचे, तर त्याच सुमारास ९० युरो, म्हणजे आपल्या आठ-नऊ हजार रुपयांच्या घरात, मोजावे लागत. ज्याला केवळ गोंडोलात पाय ठेवण्याची हौस आहे, त्याने ‘त्रागेत्तो’ शोधावा. ही महाकालव्याच्या एका तीरावरून दुसऱ्या तीरावर नेणारी साधी तर होय. परक्या प्रवाशाला तिचे दोन युरो पडत. दोन मिनिटांचाच प्रवास, पण वल्हे मारणारा नावाडी तोच आणि पाणीही तेच!

बाकी सारे नगर पायीच पाहावे. भिंतीभिंतींवर रिआल्तो व सान मार्को यांच्या दिशा दाखविणाऱ्या पाट्या आहेत. तरीही वाट चुकते. आणि चुकावीच, कारण खरे व्हेनिस आडगल्ल्यांतच आहे. चौकाचौकांत जुन्या विहिरींचे कोरीव कठडे आढळतात. पूर्वी या विहिरींत पावसाचे पाणी वाळूतून गाळून साठवीत असत. आज ठिकठिकाणी पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत. बाटली जवळ असली की पाणी विकत घ्यावे लागत नाही. उपाहारगृहात मेजाशी बसून घेतलेल्या कॉफीस उभ्याने घेतलेल्या कॉफीहून अधिक दाम पडतो, हेही ध्यानात ठेवावे. सान मार्को चौकात तर मेजावर बसणाऱ्याकडून वाद्यसंगीताचेही पैसे घेतात. त्या चौकात पायऱ्यांवर बसून शिदोरी सोडण्यास मात्र मनाई आहे.

मुक्कामाचा प्रश्न अधिक कठीण आहे. रेल्वेपुलापलीकडे, मुख्य भूमीवर मेस्त्रे हे गाव आहे. तेथे खोल्या स्वस्त मिळतात आणि आगगाडीने दहा-बारा मिनिटांत व्हेनिस गाठता येते. पैशाची ओढ असेल त्याने तेथेच राहावे. तथापि एक रात्र तरी बेटावर काढता आली, तर तो खर्च वाया गेला असे वाटणार नाही. १९५१ साली मुख्य बेटांवर सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते. २०२२ साली ही संख्या ५० हजारांच्या खाली गेली. घरांची प्रवासीगृहे झाली, भाडी वाढली आणि रहिवासी मुख्य भूमीवर निघून गेले. सकाळी येऊन सायंकाळी परतणाऱ्यांची दाटी तर इतकी वाढली, की एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या ठराविक दिवशी अशा प्रवाशांवर पाच युरोंचा प्रवेशकर बसविण्यात आला. नगरात मुक्काम करणाऱ्यास हा कर माफ आहे. त्याला रात्रीगणिक वेगळा, लहानसा कर द्यावा लागतो.

सायंकाळच्या गाड्या सुटल्या, की अरुंद पूल मोकळे होतात. दुकानांची दारे लागतात, कालव्याचे पाणी पायऱ्यांवर आपटल्याचा आवाज ऐकू येऊ लागतो आणि आतल्या बाजूच्या एखाद्या चौकात, विहिरीच्या कठड्याभोवती, तेथील मुले चेंडू खेळावयास येतात.