नेपाळची मोहर

नेपाळ देश हिमालयात आहे. तेथे पूर्वी चांदीचे एक नाणे चाले. त्याला मोहर म्हणत. आपल्याकडे मोहर म्हटली की सोने आठवते. नेपाळची ही मोहर चांदीची. वजन अर्ध्या तोळ्याहून थोडे कमी.

ही मोहर हाती आली तर तुम्ही ती वाचाल. आम्ही उगीच सांगत नाही. तिच्यावरची अक्षरे देवनागरी आहेत. तुम्ही पाटीवर गिरवलीत तीच. शाह राजांची मोहर घ्या. एका अंगाला राजाचे नाव, त्रिशूळ आणि साल. साल शालिवाहन शकाचे, आपल्या पंचांगातले. १८१६ दिसले तर त्यात ७८ मिळवा. झाले इसवी सन १८९४. दुसऱ्या अंगाला मधोमध भवानीचे नाव. भोवती आठ पाकळ्या, आणि पाकळीपाकळीत एकेक अक्षर. मोजा बरे: श्री, श्री, श्री, गो, र, ख, ना, थ. भरली की नाही आठ! शाह राजे गोरखा गावचे. गोरखनाथ त्यांचे दैवत. ज्ञानेश्वरांचे गुरू निवृत्तिनाथ, तेही याच नाथपरंपरेतले.

पण देवाचे नाव घातल्याने चांदी चोख होत नाही. शाहांच्या आधी काठमांडूच्या खोऱ्यात मल्ल राजे होते. शेजारच्या तिबेटात त्यांचीच नाणी चालत. तिबेटी लोक चांदी पाठवीत. मल्ल राजे नाणी पाडून देत व नफा राखीत. पुढे नफ्याची चटक लागली. शेवटच्या काही राजांनी चांदीत तांबे मिसळले. नाण्यांवर देवांची नावे होतीच, आत तांबे!

१७६८-६९ साली पृथ्वीनारायण शाहांनी खोरे जिंकले व चोख मोहर पाडली. मग तंटा उभा राहिला. तिबेटी म्हणाले, जुनी नाणी एकास एक बदलून द्या. गोरखाली म्हणाले, तांब्याला चांदीचा भाव कसा देणार? आम्हांला तिबेटच्या व्यापाऱ्याची कीव येते. त्याची चांदी तर केव्हाच गेली होती. तंट्याला इतरही कारणे होती. तुमच्या मिठात माती असते, अशी नेपाळची तक्रार होती.

१७८८ साली गोरखाली फौज तिबेटात शिरली. १७९१ साली पुन्हा शिरली. तेव्हा तिबेटच्या बाजूने चीनची फौज आली. १७९२ साली ती हिमालय ओलांडून काठमांडूच्या जवळ पोचली. मग तह झाला. त्यानंतर तिबेटात नाणी पाडण्याचे काम तिबेटातच होऊ लागले.